देवदानच्या बदल्यात शेळी

फेब्रुवारी संपत आला की आमच्या चर्चच्या रस्त्यावरून कडब्याचे टेम्पो जायला लागतात. इतके भरलेले की मागून बघितलं तर टेम्पो दिसतच नाही, नुसता कडबा चालत निघाल्यासारखा वाटतो. वळणावर विजेच्या खांबाला घासून दोनचार पेंढ्या खाली पडतात, समोरच्या किराणा दुकानदाराची गाय त्यांच्यावर तुटून पडते, आणि वास थेट आमच्या ओट्यापर्यंत येतो. वाळलेल्या ज्वारीच्या ताटांचा गोडसर, धुळकट वास. आई आतल्या खोलीत खाटेवर असते. तिला आता दिसतं कमी आणि ऐकू येतं ते तिच्या सोयीप्रमाणे, पण नाक अजून शाबूत आहे. ती आतूनच विचारते, "शाले, सुगी आली का गं?"

"आली," मी म्हणते.

"मग हंगाम सण कवा धरलाय?"

मी तारीख सांगते. ती थोड्या वेळाने पुन्हा विचारते. मी पुन्हा सांगते. मी या चर्चची पाळक आहे. लोक पाळकबाई म्हणतात. काही जुनी माणसं नुसतं 'बाई' म्हणून थांबतात, पुढचा शब्द त्यांच्या घशातच अडकतो. मी ते मनावर घेत नाही. कुणाच्या घरी कुणी आजारी पडलं की तीच माणसं सगळ्यात आधी निरोप पाठवतात.

हंगाम सण म्हणजे सुगीतला एक रविवार. पिकातलं पहिलं जे असेल ते लोक देवापुढे आणतात. आता शहरगावच्या चर्चमध्ये लोक बाजारातून आणलेली सफरचंदं ठेवतात, आणि त्यांच्यावरचे चिकटवलेले कागदही काढत नाहीत. मी एकदोनदा बोलले त्यावर. मग सोडून दिलं. ज्याला शेतच नाही त्याने आणायचं तरी काय!

माझं गाव शेवगाव तालुक्यातलं. काळी जमीन, वर कोरडं आभाळ. विहिरी होत्या, पण संक्रांतीनंतर त्यांचा तळ दिसायचा. नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. तेव्हा सगळेच जिल्ह्याला नगर म्हणायचे, आईच्या तोंडात अजूनही नगरच आहे. आमचं दोन एकर रान होतं, त्यात रब्बीची ज्वारी. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिपाई. घंटा वाजवायची आणि गुरुजींसाठी पाणी भरायचं. ते इतके गरीब स्वभावाचे की शाळेची घंटासुद्धा हळू वाजवत, असं आई म्हणायची.

आमच्याकडे ज्वारी कापत नाहीत, मुळासकट उपटतात. सकाळी दवाने माती जरा मऊ असते तेव्हा बायका ओळीने वाकायच्या. एक पाय पुढे, दोन्ही हातांत ताटं, कमरेतून एक हिसका. मुळाची माती पायावर झाडायची, ताटं मागे टाकायची, पुन्हा वाकायचं. दहा वाजेपर्यंत तळहात सोलून निघायचे. कणसाची कूस मानेत शिरली की रात्री धुतलं तरी जायची नाही. मी एकवीस वर्षांची होते. बारावी होऊन तीन वर्षं घरी होते. स्थळं येत होती, चहा पीत होती आणि कळवतो म्हणून जात होती. मला त्या स्थळांविषयी काहीच वाटत नव्हतं, हे सांगायचीही चोरी होती.

मला काय वाटतं ते एकट्या सगुणाबाईला माहीत होतं.

सगुणाबाई आमच्या गावची बायबलबाई. हा शब्द आता जुना झाला. पूर्वी प्रत्येक चर्चच्या मंडळीत अशी एखादी बाई असायची, विधवा नाहीतर सोडलेली, मिशनच्या शाळेत चार बुकं शिकलेली. खांद्याला कापडी पिशवी, हातात काळी छत्री, पायात टायरच्या चपला. घरोघर जायचं, बायकांना वाचून दाखवायचं, प्रार्थना करायची. कागदावर तिचं काम एवढंच. प्रत्यक्षात ती कुणाच्या लेकीला सासरी पत्र लिहायची, कुणाच्या बाळाची नाळ बघायची, कुणाचं भांडण मिटवायची आणि जमलं तर एखादं लावूनही द्यायची. ख्रिस्ती वस्तीत जायची, बौद्धवाड्यात जायची, वरच्या आळीतल्या बागायतदारांच्या घरीही जायची. तिथे तिला काही घरांत चहा वेगळ्या कपात मिळायचा. ती तो पिऊन, कप धुऊन, उपडा घालून यायची आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा जायची. मला त्याचा फार राग यायचा. तिला यायचा की नाही ते मला कधी कळलं नाही.

त्या थंडीत मी तिच्याबरोबर फिरायला लागले. आधी निमित्त होतं तिच्या गुडघ्याचं. मग निमित्त लागेना.

वरच्या आळीत राहीआजी म्हणून एक म्हातारी अंथरुणाला खिळलेली होती. घर मोठं, माणसं भरपूर, पण सगळी सुगीच्या कामात. दुपारी आम्ही गेलो की वाड्यात फक्त एक कुत्रं आणि आजी. सगुणाबाई तिला वाचून वगैरे काही दाखवायची नाही. पाणी तापवायची, अंग पुसायची, कूस बदलायची, केसांना तेल लावायची. एक दिवस तिने ब्लेड माझ्या हातात दिलं. म्हणाली, "पायाची नखं काप तिची. मला आता बारीक दिसत न्हाई."

ती नखं मला अजून आठवतात. पिवळी, जाड, आत वळलेली. मी आजीचा पाय मांडीवर घेतला. कोमट पाण्यात भिजवून, एकेक नख हळूहळू, कातडीला न लागू देता. अर्धा तास लागला असेल. आजी छताकडे बघत होती. मध्येच तिने विचारलं, "सगुणे, तुजा देव तुला काय देतो गं येवढं?"

"काम देतो," सगुणाबाई म्हणाली.

आजी दात नसलेल्या तोंडाने खो खो हसली. मीही हसले. आणि तेव्हाच, तो पाय मांडीवर असताना, मला कळलं की मला हेच करायचंय. आमच्या लोकांत याला पाचारण म्हणतात. देवाने बोलावणं पाठवलं, असं. मी लहानपणापासून पाचारणाच्या गोष्टी ऐकत आले होते. कुणाला स्वप्न पडलं, कुणाला आवाज आला, कुणी आजारातून उठला. मला वाटायचं माझ्याही बाबतीत तसलंच काहीतरी व्हायला हवं. तसलं काही झालं नाही. नुसतं आतून शांत वाटलं आणि दुसऱ्या पायाची नखं कापायची बाकी होती ती कापली. तीस वर्षांत मी पुष्कळ प्रवचनं दिली, पण त्या दुपारची खात्री मला पुन्हा तितकी स्वच्छ कधी लाभली नाही.

घरी येताना सगुणाबाईने सांगितलं की धर्मविद्यालयात आता मुलींनाही पाळकाच्या शिक्षणाला घेतात. तिने पत्र टाकून विचारलं होतं. उत्तर आलं होतं. मंडळीचं शिफारसपत्र हवं आणि आईवडिलांची सही हवी. पत्र तिच्या पिशवीत दोन महिने पडून होतं.

"मला आधी का नाही सांगितलंत?"

"नखं कापतीस का बघत हुते," ती म्हणाली.

पण आमच्या घरातून धर्मविद्यालयात कोण जाणार हे कधीच ठरलेलं होतं. माझ्याही डोळ्यांदेखत ठरलं होतं, फक्त मी तेव्हा पाळण्यातून नुकती बाहेर पडले होते म्हणून आठवत नाही. माझ्यानंतर आईची दोन बाळं पोटातच गेली. त्यानंतरच्या हंगाम सणाला ती भर उपासनेत उभी राहिली आणि म्हणाली की आता मुलगा झाला तर तो देवाच्या कामाला देईन. आम्ही लोक याला नवस म्हणत नाही. नवस म्हटलं की पाळकसाहेबांच्या कपाळाला आठी पडायची. आम्ही म्हणतो, 'बोललेलं'. पुढच्या वर्षी मुलगा झाला. त्याचं नाव देवदान. बारशालाच सगळं गाव त्याला पाळकसाहेब म्हणायला लागलं. बिचाऱ्याने कुणाच्या झाडाचा पेरू तोडला तरी लोक म्हणायचे, अरे, पाळक ना तू!

बोललेल्या गोष्टींचा हिशेब यशवंतनाना ठेवायचे. हे मंडळीतले सगळ्यात वयस्क पंच. त्यांनी कधी काही लिहून ठेवलं नाही, सगळं डोक्यात. कोण कोंबडी बोललंय, कोण पायलीभर हरभरा, कोण भोपळा. आणि त्यांचा एक नियम होता, त्यांच्याही आधीपासून चालत आलेला. बोललेली वस्तू काही कारणाने आणता आली नाही, तर तिच्या बदल्यात तेवढ्याच मोलाचं दुसरं आणायचं. कोंबडी मुंगसाने नेली तर अंडी. हरभरा घाटेअळीने खाल्ला तर ज्वारी. एकदा एकाचा भोपळा फुटला तर नानांनी त्याच्याकडून त्या मापाचं कलिंगड येईपर्यंत धीर धरला. माफी नव्हती, बदली होती. लोकांना हा नियम सोयीचा वाटायचा. देवाशी तुटत नाही आणि नानांपुढे मानही खाली जात नाही.

देवदान त्या वर्षी अठराचा होता. शेवगावला आयटीआयमध्ये फिटरचं शिकला होता. शनिवारी दुपारी, हंगाम सणाच्या आदल्या दिवशी, मी विहिरीवर धुणं धूत होते तर हा कपड्यांची पिशवी घेऊन आला. साखर कारखान्यात बॉयलरच्या कामाला मुलं घेत होते, आणि ठेकेदाराने त्याला त्याच दिवशी बोलावलं होतं.

"ताई, मला देवाचं काही वाईट नाही गं," तो म्हणाला. "पण चारचौघांत उभं राहिलं की माझी जीभ लुळी पडते. मला लोखंड कळतं. माणसं नाही कळत."

"आईला सांगितलंस?"

"सांगितलं."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, जेवून जा."

तो खरंच जेवून गेला. त्या संध्याकाळी आईने भाकरी केल्या, चूल सारवली, शेळीची धार काढली. आमच्याकडे एक काळी शेळी होती, मैना. दोन वेळा मिळून लिटरभर दूध द्यायची. घरचा चहा तिच्यावर, आणि बाबांचं रात्रीचं कपभर दूध तिच्यावर. मी आईच्या शेजारी बसून होते. आतून मला काहीतरी सुटल्यासारखं वाटत होतं, आणि त्याची लाजही वाटत होती. भाऊ गेला म्हणून बहिणीच्या मनात उजेड पडावा, हे काही बरं लक्षण नव्हे. पण पडला होता. आता जागा रिकामी आहे, आता मी विचारीन, असं मी रात्रभर मनात घोकत होते.

सकाळी चर्च सजलं होतं. चर्च म्हणजे दगडी भिंती आणि वर पत्रे. दाराच्या दोन्ही बाजूंना उसाची हिरवी वाढी, खिडक्यांत ज्वारीची कणसं, समोर टेबलावर गुळाची ढेप, भोपळे, हरभऱ्याचे डहाळे, पाय बांधलेल्या कोंबड्या. कोंबड्यांचं ओरडणं आणि गाणं एकदमच चाललेलं. उपासना झाली की या सगळ्याचा लिलाव व्हायचा. नाना बोली लावायचे आणि लोक आपलीच कोंबडी चढ्या भावाने घरी परत न्यायचे. आम्हा पोरींना त्याची मोठी गंमत वाटायची. त्या दिवशी मात्र टेबलाच्या बाजूला एक खुर्ची मांडलेली होती. पाळकसाहेब देवदानच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करणार होते आणि शिफारसपत्र देणार होते. पत्र त्यांच्या खिशात तयार होतं.

चर्चमध्ये शिरताना मी बघितलं, बाहेरच्या कडुलिंबाला मैना बांधलेली होती. मला वाटलं आईने चरायला आणली असेल.

लिलावाच्या आधी नानांनी खुर्चीकडे बघितलं, मग आमच्याकडे. "वैनी, देवदान कुटं हाय?"

आई उठली. बाहेर गेली. परत आली ती मैनाला दाव्याने ओढत. मैना दारातल्या उसाच्या वाढ्याला तोंड लावत, थांबत, आत आली. आईने तिला थेट खुर्चीपाशी नेली.

"पोरगं कारखान्यावर गेलंय, नाना. बदल्यात ही धरा."

मग मैना मोठ्याने ओरडली आणि अख्खं चर्च हसलं. पाळकसाहेबांनी रुमाल तोंडाला लावला. नाना मात्र हसले नाहीत. त्यांनी गंभीरपणे शेळीच्या पाठीवरून हात फिरवला, कास बघितली.

"दुभती हाय?"

"दोन टायमाला लिटरभर."

"मग चालंल," नाना म्हणाले.

मी बायकांच्या बाजूला सतरंजीवर बसले होते. हसू माझ्याही तोंडावर आलं होतं आणि तिथेच थिजलं. मुलगा नाही आला, तर त्याच्या बदल्यात शेळी. तेवढ्याच मोलाची म्हणून शेळी. मी एकवीस वर्षांची, धडधाकट, बारावी शिकलेली, आईच्या शेजारी मांडीला मांडी लावून बसलेली. तिला बदल्यात द्यायला शेळी आठवली. मी आठवले नाही. कधी उभी राहिले ते कळलं नाही.

"आई, शेळी कशाला? मी आहे ना!"

हसणं थांबलं. आई माझ्याकडे वळली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"तुला मी बोलले न्हवते," ती म्हणाली.

"नाही बोललीस. म्हणून तर मी आपल्या पायांनी आलेय."

पाळकसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. म्हणाले, "मुलींना घेतात का, ते मला पत्र लिहून विचारावं लागेल."

"घेत्यात," मागून सगुणाबाईचा आवाज आला. "मी इचारलंय." आणि तिने पिशवीतून ते पत्र काढून हातोहात पुढे पाठवलं.

पाळकसाहेबांनी ते दोनदा वाचलं. मग म्हणाले, मंडळीचं पत्र देतो, पण आईवडिलांची सही लागेल. बाबांनी मान हलवली. आई माझ्याकडे बघत नव्हती. तिने मैनाचं दावं टेबलाच्या पायाला बांधलं आणि खाली बसली. शेळी लिलावात नानांनीच घेतली, आणि दुसऱ्या दिवसापासून तिचं दूध आमच्याच घरी येऊ लागलं. ते का, हे विचारायची हिंमत कुणाला झाली नाही.

त्यानंतरचे तीन आठवडे मी विसरू शकत नाही. रानात आम्ही दोघी एका ओळीत वाकायचो आणि एक शब्द बोलायचो नाही. कणसं खुडली. हडंबा, म्हणजे मळणीचं यंत्र, गावात आला. त्याचा धुरळा, त्याची घरघर, तोंडाला फडकी बांधलेल्या बायका, पोत्यांतून ओतल्यासारखे येणारे पांढरे दाणे. एवढ्या आवाजात सगळेच ओरडून बोलत होते आणि आई मुकी. सहीचा कागद मी ट्रंकेत साड्यांखाली ठेवला होता. सही नाही मिळाली तर मी जाणार नव्हते. मी पळून जाणाऱ्यांतली नाही. एका मुलाने तिला न विचारता पाठ फिरवली होती, दुसऱ्यांदा मला ते करायचं नव्हतं. म्हणजे सगळं तिच्याच हातात होतं, आणि तिचे हात दिवसभर कडब्याच्या पेंढ्या बांधत होते.

एक दिवस दुपारी भाकरी खाताना तिने एकदम विचारलं, "कागद कुटंय?"

मी धावत घरी गेले, आणला. तिने पदराला हात पुसले. सगुणाबाईने शिकवलेली सही, एकेक अक्षर सुटं सुटं. कागद माझ्याकडे न बघताच परत दिला. "पानी आन जा," म्हणाली.

मला वाटलं, राग. जूनमध्ये मी निघाले तेव्हा ट्रंक बाबांनी उचलली. आई एसटीच्या थांब्यावर आली नाही. तिला बाजरी पेरायला जायचं होतं म्हणे. पाऊस अजून नीट झालाही नव्हता. मी खिडकीशी बसून गावाच्या वेशीपर्यंत मागे बघत राहिले.

पुढे सगळं झालं. शिकले, दीक्षा झाली, जिल्ह्यातल्या पाच गावांत बदल्या झाल्या. सेवा हा शब्द फार मोठा करून वापरतात लोक. मी तीस वर्षं जे केलं त्यातलं बरंचसं म्हणजे सरकारी दवाखान्याच्या बाकावर कुणाच्या तरी शेजारी बसणं. कधी कुणाला ओरडले, कधी चुकीच्या घरी सांत्वनाला गेले, कधी थकून दार लावून झोपले. लग्न केलं नाही, त्याची खंत नाही. देवदान कारखान्यात चिकटला, तो अजून तिथेच आहे. आमच्या गावच्या चर्चचे पत्रे उडाले होते तेव्हा त्याने आठ दिवस वर चढून सगळा सांगाडा नव्याने जोडून दिला, आणि उद्‌घाटनाला चार शब्द बोल म्हटलं तर मागच्या दाराने पळाला. सगुणाबाई मी दुसऱ्या वर्षाला असताना गेली. तिच्या मयताला वरच्या आळीतली माणसंही आली होती.

आणि दर हंगाम सणाला मी शेळीची गोष्ट सांगत आले. गोष्ट तशी हातखंडा. मैना दारातला ऊस खाते इथपर्यंत लोक हसू आवरतात, नाना कास बघतात तिथे अख्खं चर्च हसून कोसळतं. मग मी आवाज खाली आणून म्हणते, माणसं आपल्याला विसरली तरी देव विसरत नाही. बायका डोळे पुसतात. गोष्ट सांगताना दुखायचं कधीच थांबलं होतं, असं मला वाटायचं. बाबा गेल्यावर आई माझ्याकडे आली. पहिल्या बाकावर बसून तिने ती गोष्ट कितीतरी वेळा ऐकली. ती कधी हसली नाही. मला वाटायचं, तिला ऐकू येत नसेल.

या शनिवारी मी प्रवचनाची तयारी करत होते. मी मोठ्याने म्हणून बघते, तशी सवयच आहे. खोलीच्या दारासमोर फेऱ्या मारत होते. शेळीच्या गोष्टीपाशी आले तेव्हा आई खाटेवरून म्हणाली, "शाले, हितं बस."

मी बसले.

"तीस वर्सं झाली. तू सांगतीस, म्या देवदानच्या बदल्यात शेळी दिली, तुला इसरले."

"गंमत असते गं ती, आई."

"इसरले न्हवते." ती छताकडे बघत बोलत होती. "पोरगं बोलले तवा ते पोटातबी न्हवतं. नाक न्हाई, त्वांड न्हाई. न बघितलेलं दिऊन टाकायला काय लागतंय? तुला येकवीस वर्सं बघितलेली. गोवरात बघितलेली. पहिली भाकरी केलीस तवा हात भाजला, तवा बघितलेली. सगुणेच्या मागं फिरत हुतीस, ते काय मला दिसत न्हवतं? पोरगं गेलं तवाच कळलं मला, आता तू त्वांड उघडशील. म्हनून तू उघडायच्या आदी शेळी हुभी केली. घरात तुझ्या खालोखाल मोलाचं तेवढंच हुतं."

एवढी वर्षं मी चर्चच्या चर्च हसवली होती. माझ्या आईने मला वाचवायला आणलेली शेळी मी तिच्याच समोर उभी करून लोकांना हसवलं होतं. मी तिचा हात धरला. म्हटलं, "मग सही का केलीस?"

"येकाला न इचारता दिला. दुसरी इचारतीया, तिला अडवायची व्हय?"

"एसटीवर आली नाहीस."

"आले असते तर जाऊ दिली असती का तुला?"

मी रडले. पन्नाशी उलटलेली बाई, दुसऱ्यांच्या मयताला कोरड्या डोळ्यांनी उभी राहायची सवय असलेली, आईच्या खाटेच्या काठावर डोकं ठेवून रडले. तिने माझ्या केसांतून बोटं फिरवली. मग तिला आठवलं. "उद्या सन हाय न्हवं? काय सांगशील?"

"शेळीची नाही सांगणार आता."

"सांग की," ती म्हणाली. "पर लोकं हसली म्हनून तितंच थांबू नगंस. फुडचंबी सांग."